रिबेका पडद्यावर: आधी कुठली लावू?

कैरीचं_लोणचं

नमस्कार मंडळी. घरात सध्या रिबेकाची साथ आली आहे. लेकीच्या हातात सुट्टीत डॅफ्नी द्यु मोरिएचं 'रिबेका' पडलं, तीन दिवस जेवायला हाक मारली की 'आलेच गं' आणि येणं काही नाही, चौथ्या दिवशी पुस्तक संपवून बाहेर आली ती थेट 'आई यावर सिनेमा असेल ना, लाव'. सिनेमे आहेत की, हीच तर पंचाईत. मी चारपाच पाहिलेत आणि डोळे झाकून 'हा लाव' म्हणावं असा एकही नाही.

वाचलं नसेल त्यांच्यासाठी: गोष्ट सांगणारी मुलगी एकवीस वर्षांची, एका श्रीमंत आगाऊ बाईची पगारी सोबतीण म्हणून माँटे कार्लोला आलेली. तिथे तिला बेचाळीस वर्षांचा मॅक्सिम द विंटर भेटतो. बिजवर. झटपट लग्न, आणि ही कॉर्नवॉलमधल्या मँडर्ली नावाच्या अवाढव्य घरात येते. पहिली बायको रिबेका बोट बुडून गेली त्याला वर्षही झालेलं नाही, आणि घरात अजून तिचंच चालतं. जेवणाचा बेत तिचा, फुलदाणीची जागा तिची, आणि ते सगळं जपायला हाऊसकीपर मिसेस डॅन्व्हर्स. आपल्या नायिकेला पुस्तकभर नावसुद्धा नाही.

पुढे स्पॉयलर आहेत, ज्यांना वाचायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा.

माझं म्हणणं असं की पुस्तकातली भीती घरात नाहीये, त्या पोरीच्या डोक्यात आहे. ती सतत कल्पना करत बसते, नोकर आपल्याबद्दल काय बोलत असतील, रिबेका इथे कशी बसत असेल. सिनेमावाले मात्र जिना दाखवतात, पडदे दाखवतात, समुद्र दाखवतात. घर दिसतं, डोकं दिसत नाही. तर पहिली कुठली लावू? लेक एकदा नाराज झाली की दुसरी बघणार नाही.

बोका_बसला_झोका

हिचकॉक. १९४०. विषय संपला. पुढचा धागा.

फ्रेम_बाय_फ्रेम

बोक्याला +१, पण विषय संपला नाही, आता कुठे सुरू होतोय. मी पॉपकॉर्न आणतो.

हिचकॉकचा हा अमेरिकेतला पहिला सिनेमा. अकरा ऑस्कर नामांकनं, त्यातली दोन मिळाली, सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि कृष्णधवल छायाचित्रण. चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला निर्माता सेल्झनिक, आणि हिचकॉकला दिग्दर्शनाचं आयुष्यात कधी मिळालं नाही ते नाहीच.

'डोकं दिसत नाही' हे मात्र मला मान्य नाही. मिसेस डॅन्व्हर्स झालेल्या ज्युडिथ अँडरसनकडे नीट बघा, ती चालत येताना जवळपास दिसतच नाही. नायिका वळते आणि ती तिथे उभी असते. हिचकॉकने हे ठरवून केलंय आणि मुलाखतीत सांगितलंय, की चालताना दाखवली असती तर ती माणूस वाटली असती. आता मला सांगा, खरी बाई अशी प्रकट होते का? नाही, घाबरलेल्या पोरीला ती तशी *वाटते*. मग हे तिच्या डोक्यातलंच झालं की.

नायिका झालेल्या जोन फाँटेनचं बावरणंही सगळं अभिनयाचं नाही. मॅक्सिम झालेल्या ऑलिव्हिएला तिच्या जागी व्हिव्हियन ली हवी होती, तो हिच्याशी फटकून वागायचा, आणि वर हिचकॉक तिला सांगायचा की सेटवर तू कुणालाच आवडत नाहीस. माणूस म्हणून अत्यंत वाईट वागणं, पण पडद्यावर त्या पोरीचे खांदे बघा कसे आवळलेले आहेत.

मधुमालती

हिचकॉक मलाही आवडतो पण त्याच्या सिनेमात खून चोरीला गेलाय आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पुस्तकात मॅक्सिम सरळ कबूल करतो, मी रिबेकाला गोळी घातली, बोटीत ठेवली, बोट बुडवली. सिनेमात ती ठेचकाळून पडते आणि डोकं आपटून मरते. का, तर तेव्हाच्या हॉलिवुडात सेन्सॉरचा नियम होता, बायकोचा खून करणारा नायक शिक्षेशिवाय सुटता कामा नये. म्हणून खूनच काढून टाकला. बिचारा मॅक्सिम, अपघात झाला हो.

आणि तिथेच पुस्तकाचा कणा मोडतो. कारण पुस्तकात नवऱ्याने खून कबूल केल्यावर आपली नायिका काय करते? किंचाळते? पळते? नाही, तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमते की याचं रिबेकावर प्रेम नव्हतं. कधीच नव्हतं. ती *खूश* होते! आणि भयंकर म्हणजे वाचताना आपणही खूश होतो, पुढची शंभरेक पानं आपण देवाला विनवत असतो की हा खुनी सुटू दे. संपल्यावर लक्षात येतं आपण कुणाची बाजू घेऊन बसलो होतो. हा डाव अपघातात कसा होणार?

बोका_बसला_झोका

बरं, विषय संपला नाही.

जुनाट

मधुमालतीताईंना खून परत हवा असेल तर बीबीसीची १९७९ची मालिका. चार भाग. मॅक्सिम म्हणजे जेरेमी ब्रेट, हो तोच, पुढे शेरलॉक होम्स झालेला. डॅन्व्हर्स म्हणजे अ‍ॅना मॅसी. गंमत अशी की हे दोघं खऱ्या आयुष्यात आधी नवराबायको होते, काडीमोड होऊन बरीच वर्षं झालेली. त्यामुळे दोघं समोरासमोर आले की मला उगाचच वाटतं, कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे राहिल्या यावरून अजून वाद चालू आहे.

नायिका जोअ‍ॅना डेव्हिड. आणि १९९७ला इंग्लंडच्या टीव्हीवर परत रिबेका आली तेव्हा नायिका कोण, तर एमिलिया फॉक्स, जोअ‍ॅना डेव्हिडची सख्खी लेक. धागाकर्तीने लेकीबरोबर बघायला ही जोडी घ्यावी असं सुचवतो.

उंटावरचा_शहाणा

९७ची नको. म्हणजे डायना रिगची डॅन्व्हर्स उत्तम, तिला एमी मिळालं ते योग्यच. पण त्यांनी रिबेकाला दाखवलंय. पूर्ण नाही, तुकड्यातुकड्यात ओझरती, पण दाखवलंय. अरे बाबांनो, सगळी मजा ती न दिसण्यात आहे. तिचा एक फोटोसुद्धा हिचकॉक दाखवत नाही. नुसतं 'आर' अक्षर, उशीच्या अभ्र्यावर, रुमालावर, वहीवर. सेल्झनिकला तर म्हणे शेवटी घर जळताना धुराचा आकाशभर 'आर' हवा होता, हिचकॉकने ते टाळून जळती उशी दाखवली. निर्माते सगळीकडचे सारखेच.

फ्रेम_बाय_फ्रेम

उंटावरच्यांनी माझ्या मनातलं लिहिलं. कबुलीजबाबाचा सीन आठवा. मॅक्सिम समुद्राकाठच्या झोपडीत सांगतोय की रिबेका इथे बसली होती, मग उठली, माझ्याकडे आली. दुसरा कुणी असता तर फ्लॅशबॅक टाकला असता. इथे कॅमेरा त्या रिकाम्या सोफ्याकडे जातो आणि तिथून उठून चालायला लागतो, जणू ती चालतेय. खोलीत कुणी नाही. मी तो तुकडा दहा वेळा पाहिलाय आणि दहाही वेळा मला ती दिसलीय.

खून चोरला हे कबूल. पण प्रेत परत दिलं.

शेवग्याची_शेंग

मी सिनेमातलं फार जाणत नाही पण हे वाचून राहवेना म्हणून लिहिते, विषयांतर वाटलं तर सोडून द्या.

माझी थोरली आत्या बिजवराला दिली होती. कऱ्हाडकडचं मोठं घर, माणसं वाईट नव्हती, पण पहिली बायको तापाने गेलेली आणि माजघरात तिचा हार घातलेला फोटो. स्वयंपाकाला एक म्हातारी बाई होत्या, पहिल्या वहिनींच्या माहेराहून त्यांच्याबरोबर आलेल्या. आत्याने पुरण केलं की त्या चव घेऊन काहीच बोलायच्या नाहीत, फक्त जायफळाची डबी पुढे सरकवायच्या. थोरल्या वहिनी जायफळ जास्त घालायच्या. बास. एवढंच. आत्या सांगायची की त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि दर वर्षी पितृपंधरवड्यात अविधवा नवमी. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईची तिथ. सवाष्ण जेवायला बोलवायची, साडीचोळी द्यायची, आणि गेलेलीच्या आवडीचा स्वयंपाक करायचा तो दुसरीने. पन्नास वर्षं केलं आत्याने. म्हणायची, मी तिला एकदाही पाहिलं नाही, पण तिच्या आवडीचं तिच्या आईने रांधलं नसेल इतकं मी रांधलंय.

तर मँडर्लीत रोज सकाळी मेनूचा कागद येतो आणि ती पोरगी घाबरून म्हणते की मिसेस द विंटर, म्हणजे रिबेका, जे सांगत असतील तेच करा, ते वाचताना मला दिवाणखाना, झुंबरं काही दिसलं नाही. आमच्या आत्याची जायफळाची डबी दिसली.

मधुमालती

शेंगताई __/\__

बोका_बसला_झोका

मी एक विनोद टाकायला आलो होतो, परत घेऊन जातो.

सांगलीकर_अण्णा

शेवग्याची शेंग यांचा प्रतिसाद सुंदर, पण त्यामुळे धागा सवतीच्या गोष्टीकडे वळतोय म्हणून थोडा विरोध नोंदवतो. हे पुस्तक सवतीपेक्षा पायरीचं आहे. ही मुलगी कालपर्यंत पगारी नोकर होती. मँडर्लीत तिच्या हातून चिनी मातीची महागडी मूर्ती फुटते तेव्हा मालकीण काय करेल? म्हणेल फुटली, उचला. ही तुकडे ड्रॉवरच्या तळाशी लपवते. मोलकरणीच्या हातून कप फुटला की ती जशी लपवेल तशी. मग चोरीचा आळ एका नोकरावर येतो आणि हिला नवऱ्यापुढे, मग डॅन्व्हर्सपुढे कबूल करावं लागतं. डॅन्व्हर्सला ते बरोब्बर कळतं. तिचा राग 'तू रिबेका नाहीस' एवढाच नाही, 'तू माझ्याच बाजूच्या दारातून आलीस' हाही आहे.

आणि म्हणूनच मला सगळ्या डॅन्व्हर्समध्ये आपली ललिता पवार सगळ्यात खरी वाटते. कोहरा, रिबेकावरून केलेला १९६४चा हिंदी सिनेमा. कुणी नावच कसं काढलं नाही?

जुनाट

अण्णा, मी वाटच बघत होतो कुणीतरी कोहरा काढेल म्हणून. बीरेन नाग दिग्दर्शक, निर्माता आणि संगीतकार हेमंतकुमार, म्हणजे दोन वर्षं आधीच्या 'बीस साल बाद'चीच मंडळी. वहीदा, विश्वजीत. आणि घर सांभाळणारी दाई माँ ललिताबाई. आपल्या येवल्याच्या.

१९४२ साली एका शूटिंगमध्ये थप्पड जोरात बसली आणि त्यांच्या चेहऱ्याला लकवा मारला, एक डोळा कायमचा अधू झाला, नायिकेची कारकीर्द संपली आणि मग पुढची चाळीसपन्नास वर्षं त्या डोळ्याने अख्ख्या देशाला सासू म्हणजे काय ते शिकवलं. कोहरामध्ये हिचकॉकसारखी कॅमेऱ्याची हुशारी लागत नाही, बाई नुसती बघते.

उंटावरचा_शहाणा

कोहरा रिबेका नाहीये हो. रिबेकाचं घर भाड्याने घेतलंय आणि आत भूतबंगला काढलाय. दारं आपोआप काय उघडतात, झोपाळे काय हलतात. द्यु मोरिएबाईंनी एवढी मेहनत घेतली भूत न आणता भूत दाखवायला, आणि इथे पांढरी साडी. शिवाय नायिकेला नाव दिलंय, म्हणजे निम्मं पुस्तक तिथेच संपलं.

सांगलीकर_अण्णा

'ये नयन डरे डरे' ऐका आणि मग परत लिहा.

उंटावरचा_शहाणा

गाणी चांगली आहेत हे कुणी नाकारलं? 'झूम झूम ढलती रात' रात्री एकटा असताना मीही लावत नाही. पण गाणं चांगलं म्हणून रूपांतर चांगलं होत नाही.

कैरीचं_लोणचं

भांडा पण प्रेमाने :) शेंगताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली आमच्याकडे पण होतं एक असं घर, आणि उठून गेली. आता ती गोष्ट काढून घ्यायला मला आठवडा लागणार.

कोहरा डोक्यातच नव्हता. २०२०च्या नेटफ्लिक्सवाल्याबद्दल कुणी बोलेना, एवढा वाईट आहे का? लेकीच्या मैत्रिणी तोच बघ म्हणतायत.

पॅकेट_फुटाणे

मी तो थिएटरसारखा अंधार करून पाहिला आणि मला आवडला, मारा आता. लिली जेम्स मस्त, क्रिस्टिन स्कॉट थॉमसची डॅन्व्हर्स थंडगार, कपडे भारी, रंग भारी.

उंटावरचा_शहाणा

मोहरीच्या रंगाचा सूट घालून फिरणारा मॅक्सिम. मोहरी! तो माणूस दुःखाने पोखरलेला असायला हवा, तो लग्नाच्या वरातीत चुकून आल्यासारखा दिसतो.

मधुमालती

रंगाचं सोडा, तिथे खून परत आणलाय याचं मला कौतुक होतं. पण मग नायिका डॉक्टरच्या दवाखान्यात घुसून कागद चोरते, म्हणजे एकदम डिटेक्टिव. लाजाळूचं झाड शेवटच्या अर्ध्या तासात सीआयडी झालं. तिला कणखर करायच्या नादात विसरले की पुस्तकातली पोरगी कणखर होते ती *गुन्ह्यात सामील झाल्यामुळे*. ती एका रात्रीत मोठी होते आणि मॅक्सिमला त्याचं वाईट वाटतं, तुझ्या चेहऱ्यावरचं ते बावळट हरवलेलं काहीतरी मी मारून टाकलं म्हणतो. ते कणखरपण वाईट आहे. ते साजरं करायचं नसतं.

दर्यावर्दी

प्लिमथहून नमस्कार. जाता जाता, मँडर्ली ज्या घरावरून सुचलं ते मेनाबिली इथून तासाभरावर, फोई गावाजवळ. घर खासगी आहे, रस्त्यावरून दिसत नाही, झाडीत पूर्ण बुडालेलं. द्यु मोरिएबाईंना त्या घराचं वेड होतं, पण पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा त्या तिथे राहत नव्हत्या. नवरा लष्करात, बदली इजिप्तला, आणि अलेक्झांड्रियाच्या उकाड्यात बसून या कॉर्नवॉलच्या धुक्याची आठवण काढतायत. पुस्तक आलं १९३८ला, घर भाड्याने मिळालं १९४३ला. म्हणजे आधी घर लिहिलं आणि मग त्यात राहायला गेल्या.

खाली पोलरिडमथ नावाची खाडी आहे, पाण्याला लागून एक टुमदार घर. रिबेकाची समुद्राकाठची झोपडी ती हीच म्हणतात. १९३० साली तिथे खडकांवर एक जहाज आपटलं होतं, पुस्तकातही जहाज खडकावर चढतं म्हणून पाणबुड्या खाली उतरतो आणि बुडालेली बोट सापडते. आम्ही गेलो तेव्हा भरदुपारी ऊन होतं, पोरं आईस्क्रीम खात होती, भीती वगैरे काही वाटली नाही. परत निघालो आणि दहा मिनिटांत धुकं आलं. बायको म्हणाली चला, आता बघितलं.

आणि हिचकॉकच्या सिनेमातलं कॉर्नवॉल? सगळं कॅलिफोर्निया. बाहेरून दिसणारं मँडर्ली म्हणजे छोटं मॉडेल. कदाचित म्हणूनच ते स्वप्नातलं वाटतं.

पॅकेट_फुटाणे

म्हणजे घर खोटं, खून गायब, आणि तरी तोच सगळ्यात चांगला? मोठ्यांचं काही कळत नाही मला.

फ्रेम_बाय_फ्रेम

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). फुटाणे, तू एका ओळीत आख्खा धागा लिहिलास.

जुनाट

अवांतर: ब्राझीलच्या कॅरोलिना नाबुको यांची १९३४ची 'उत्तराधिकारिणी' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी आहे, त्यातही श्रीमंत विधुर, नवी बायको आणि घरभर पहिलीची छाया. रिबेका आल्यावर बराच गवगवा झाला की तिथून उचललंय. द्यु मोरिएबाईंनी साफ नाकारलं. पुढे त्या कादंबरीवर ब्राझीलमध्ये टीव्ही मालिका झाली. उचललं का नाही देव जाणे, पण शेंगताईंच्या आत्यांची गोष्ट वाचल्यावर मला वाटतं की बिजवर आहेत तिथे ही गोष्ट कुणालाही सुचेल.

अवांतराचं अवांतर: रिबेकाचं संगीत नाटक २०१२ला ब्रॉडवेवर येणार होतं. मोठा गुंतवणूकदार ऐन वेळी मलेरियाने वारला अशी बातमी आली आणि नाटक कोसळलं. मग कळलं की असा माणूस मुळात नव्हताच. न दिसणाऱ्या माणसाने सगळ्यांना नाचवलं, विषयाला धरूनच झालं म्हणायचं.

बोका_बसला_झोका

याच्यापुढे माझे सगळे विनोद फिके. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

कैरीचं_लोणचं

मंडळी, झाला एकदाचा. शनिवारी रात्री हिचकॉक लावला. लेक, मी, आणि कोपऱ्यात 'मला नाही कळत तुमचं इंग्रजी' म्हणत आई.

लेकीची पहिली वीस मिनिटं कुरकुर, किती हळू आहे, हा म्हातारा तिला असा काय ओरडतो. मग डॅन्व्हर्स आली आणि मोबाईल खाली गेला. रिबेकाच्या खोलीत ती तो फरचा कोट नायिकेच्या गालाला लावते ना, तिथे लेक माझ्या अंगाला चिकटून बसली. अपघाताचा भाग आल्यावर मात्र ताडकन उठली, 'हे काय! त्याने मारलंय तिला! पुस्तकात मारलंय!' मधुमालती, तुमचीच पोरगी शोभते.

सेन्सॉरचं सांगितलं तर म्हणाली, 'ते ठीक, पण मला पुस्तकात पण एक कळलं नाही. रिबेका वाईट होती हे आपल्याला मुख्य सांगतं कोण? मॅक्सिम. म्हणजे ज्याने मारलं तोच. आणि ते ऐकून घेणारी कोण, जिला ते खरं असायला हवंय ती.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या मते असा सिनेमा अजून कुणी केलाच नाहीये ज्यात मॅक्सिम खोटं बोलत असू शकतो. आता १९७९ची शोधतेय, जेरेमी ब्रेट संशयास्पद दिसतो म्हणे.

मधुमालती

तुझ्या लेकीला इथे सदस्य करून घे. रिबेकाचा नातलग फॅवेल आणि किनाऱ्यावरचा वेडा बेन थोडं काही सांगतात, पण मुख्य साक्ष खुन्याचीच, हे खरंय. मी पाच वेळा वाचलंय आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

उंटावरचा_शहाणा

मग कॅमेरा जो रिकाम्या सोफ्यावरून उठून चालतो, तो मॅक्सिम सांगतोय तसाच चालतो. आपल्याला ती 'दिसली' कारण त्याने सांगितलं. आयला. फ्रेमराव, तुमचा आवडता सीन परत बघायला लागणार.

फ्रेम_बाय_फ्रेम

बघतोय. अकराव्यांदा.

सांगलीकर_अण्णा

आणि कोहरा?

कैरीचं_लोणचं

अण्णा, काल लावला. उंटावरचे म्हणतात तसे झोपाळे हलतात आणि दारंही उघडतात, लेक दोनदा हसली. पण ललिताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आई, जिला इंग्रजी डॅन्व्हर्सचं काही वाटलं नव्हतं, ती सरळ होऊन बसली आणि म्हणाली, 'ही बाई घरातून आधी काढा.'

नंतर स्वयंपाकघरात त्या दुसऱ्या घराची गोष्ट सांगितली तिने. ती वेगळा धागा काढून लिहीन.